एकशे सत्तर तासांचं आभाळ

फ्रान्सच्या उत्तरेला, लांस शहरापासून थोड्या अंतरावर एस्तेवेल नावाचं एक लहानसं गाव आहे. सगळा मुलूख कोळशाच्या खाणींचा. गावच्या दफनभूमीतल्या एका थडग्यावर बांगला लिपीत काही शब्द कोरलेले आहेत. महावीराची ही समाधी आहे, मान राखा, स्पर्श करू नका, असा त्यांचा अर्थ. खाणकामगारांच्या त्या फ्रेंच गावात बांगला वाचणारं कोण असणार? पण हे शब्द गावकऱ्यांसाठी नाहीतच. आपला मुलगा परक्या मातीत आहे आणि निदान त्याच्या उशाशी तरी घरची भाषा असावी, एवढ्यासाठी ते तिथे आहेत.

हा मुलगा म्हणजे इंद्रलाल रॉय. जन्म कोलकत्यातला, शाळा लंडनची, मृत्यू फ्रान्सच्या आकाशातला. मृत्यूसमयी वय १९. पाच किंवा अधिक विमानं पाडणाऱ्या वैमानिकाला युद्धाच्या परिभाषेत ‘एस’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात ही पदवी मिळवणारा इंद्रलाल हा एकमेव भारतीय. त्याच्या नावावर १० विजय आहेत, आणि ते सगळे जुलै १९१८ मधल्या सुमारे दोन आठवड्यांतले. पहिला ६ तारखेचा, शेवटचा १९ तारखेचा. दोन्हींमधलं अंतर तेरा दिवसांचं.

‘तेरा दिवसांत दहा विमानं’ हे वाक्य ऐकायला झकास आहे. भाषणात टाळ्या घेणारं आहे. पण अशा वाक्यांची एक खोड असते. ती शिखर दाखवतात आणि खालचा डोंगर झाकून टाकतात. हे तेरा दिवस कुठून आले, हे बघायचं तर त्यांच्या आधीचे सात महिने बघावे लागतात. त्या सात महिन्यांत या वैमानिकाने बराच काळ विमान चालवलंच नव्हतं.

घराण्यापासून सुरुवात करू. वडील प्यारेलाल रॉय मूळचे बारिसाल जिल्ह्यातल्या लाकुटियाच्या जमीनदार घराण्यातले, कोलकत्यातले नामांकित बॅरिस्टर. आईचे वडील सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती हे पाश्चात्त्य वैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या पहिल्या काही भारतीय डॉक्टरांपैकी एक. आई ललिता रॉय या तर स्वतःच एक प्रकरण होत्या. मुलांच्या शिक्षणासाठी त्या लंडनला राहिल्या आणि तिथल्या भारतीयांच्या सार्वजनिक कामात पुढे आल्या. १७ जून १९११ रोजी ब्रिटिश स्त्रियांनी मतदानाच्या हक्कासाठी लंडनमध्ये प्रचंड मिरवणूक काढली, तेव्हा त्या मिरवणुकीत चाललेल्या भारतीय स्त्रियांमध्ये ललिताबाई होत्या. थोरला भाऊ परेशलाल केंब्रिजला बॉक्सिंगमध्ये चमकला. पुढे ‘भारतीय बॉक्सिंगचे जनक’ म्हणून त्याचं नाव झालं. महायुद्धात तोही ब्रिटिश फौजेतून लढला.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा. घरात आणि मित्रांत त्याला ‘लॅडी’ म्हणत. हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स शाळेत तो शिकला. युद्ध पेटलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. वरच्या वर्गातली मुलं एकेक करून आघाडीवर जात होती आणि त्यांतल्या अनेकांची नावं मृतांच्या यादीत परत येत होती. अठरा पूर्ण होताच त्याने रॉयल फ्लाइंग कोअरकडे, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या हवाई दलाकडे अर्ज केला.

तो अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं डोळ्यांचं. नजर हवी तशी नाही, असा शेरा पडला. इंद्रलालने आपली मोटरसायकल विकली, आलेल्या पैशांतून एका नामवंत नेत्रतज्ज्ञाची फी भरली आणि दुसरं मत आणलं. ते त्याच्या बाजूचं होतं. एप्रिल १९१७ मध्ये तो दाखल झाला आणि ५ जुलै १९१७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाला.

मोटरसायकलीची गोष्ट गोड आहे, पण तिच्या मागे एक मोठं बंद दार होतं. त्या युद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. त्यांतले शूर आणि अनुभवी शिपाई सुभेदार होऊ शकत होते, सुभेदार-मेजर होऊ शकत होते. पण राजाच्या सनदेचा अधिकारी म्हणजे गोऱ्या शिपायाला हुकूम देऊ शकणारा माणूस, आणि लढाऊ पलटणींत ती जागा भारतीयाला जवळजवळ बंद होती. भारतीय सैन्यातल्या नऊ जणांना अशी सनद मिळाली ती ऑगस्ट १९१७ मध्ये. हवाई दलात मात्र थोडी आधी फट पडली. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या हरदित सिंग मलिक यांना ब्रिटिशांनी नकार दिला होता. फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झालं, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने वरच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. आपल्या साम्राज्यातला माणूस फ्रान्सच्या गणवेशात उडाला तर शोभा कोणाची होणार, हे सांगावं लागलं नाही. मलिक आत आले, आणि त्याच सुमारास इंद्रलालही.

प्रशिक्षण पुरं झाल्यावर ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस इंद्रलाल ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. ही साधीसुधी तुकडी नव्हती. ब्रिटिशांचा नामांकित वैमानिक अल्बर्ट बॉल इथेच उडत होता आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पडला होता. तसाच नावाजलेला जेम्स मॅककडन त्या वेळी इथे होता. महिनाभरापूर्वीच, २३ सप्टेंबरला, जर्मनीच्या वर्नर फॉस याने एकट्याने या तुकडीच्या बड्या बड्या वैमानिकांशी झुंज घेऊन प्राण सोडले होते. गायनाच्या पहिल्याच बैठकीला समोर सगळे उस्ताद बसलेले असावेत, तशी ही जागा होती. नवख्याने इथे शिकायचं ते उस्तादांच्या मागे मागे उडून, आणि तेवढं शिकायला मिळेपर्यंत जिवंत राहून.

मग ६ डिसेंबरचा दिवस उगवला. इंद्रलालचं विमान उतरताना कोसळलं. पुढची गोष्ट अशी सांगितली जाते की, त्याला मृत समजून शवागारात नेऊन ठेवलं. तिथे तो शुद्धीवर आला आणि आतून दार ठोठावू लागला. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ओरडणारं ‘प्रेत’ ऐकून पहारेकऱ्याची दार उघडायची छातीच होईना. लष्करी नोंदीत याहून कोरडा मजकूर आहे. अपघात, दुखापत आणि त्यानंतर विमान चालवण्यास अपात्र असल्याचा वैद्यकीय शेरा. त्या शेऱ्याने महिनाभराची उड्डाणं संपली. खात्यावर विजय एकही नव्हता.

दुसरा कोणी असता तर इथेच त्याची लष्करी कारकीर्द दोन ओळींत आटोपली असती. इंद्रलाल बरा होत असताना चित्रं काढत बसला. विमानांची चित्रं. गिरक्या घेणारी, सूर मारणारी, पेट घेतलेली विमानं, वरून झेपावणारी आणि खालून निसटणारी. ती रेखाटनं आजही जपून ठेवलेली आहेत. ती नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. विमान नुसतं देखणं दिसावं म्हणून ती काढलेली नाहीत. एका विमानाचा दुसऱ्याशी कोन काय, कोण उंचावर आहे, कोणाच्या पाठीशी कोण आहे, हे त्यांत दिसतं. वैमानिकाचा हात विमानावर नव्हता, तेव्हा तो कागदावर होता.

उड्डाणाला परवानगी नसली तरी तुकडीत परतायची वाट त्याने शोधली. उपकरण-अधिकारी, म्हणजे विमानांचे सुटे भाग, बंदुका आणि सामानसुमान सांभाळणारा अधिकारी म्हणून काम पत्करलं आणि वैद्यकीय मंडळामागे तगादा लावला. जून १९१८ मध्ये तो पुन्हा फ्रान्सला पोचला. या वेळी ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, आणि पुन्हा वैमानिकाच्या खुर्चीत.

तो चालवायचा ते विमान कसं होतं, हे थोडं थांबून पाहू. एस.ई. ५ ए हे एका माणसाचं, दोन पंखी विमान. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. पुढे पाण्याने थंड होणारं २०० अश्वशक्तीचं इंजिन. वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. वैमानिकाची जागा उघडी. पंधरा-सोळा हजार फुटांवर बर्फासारखी हवा तोंडावर येई, म्हणून गस्तीला निघताना चेहऱ्याला चरबी चोपडत. श्वासासाठी प्राणवायूची नळी नव्हती. डोकं हलकं व्हायचं, बोटं बधिर व्हायची आणि त्याच अवस्थेत नेम धरायचा असे.

बंदुका दोन. एक नाकावर बसवलेली व्हिकर्स. तिच्या गोळ्या फिरत्या पंख्यातून बाहेर जात, तरी पंख्याला लागत नसत. याचं रहस्य होतं जॉर्ज कॉन्स्टंटिनेस्को या रुमानियन अभियंत्याच्या यंत्रणेत. इंजिन फिरलं की द्रवाने भरलेल्या नळीतून दाबाचे ठोके बंदुकीपर्यंत पोचत आणि पंख्याचं पातं नळीसमोरून सरलेलं असेल तेव्हाच चाप ओढला जाई. दुसरी बंदूक, लुईस, वरच्या पंखावर. ती पंख्याच्या वरून मारा करी, म्हणून तिला हा खटाटोप नको होता. पण तिच्या चकतीत गोळ्या ९७ च. चकती संपली की वाकड्या लोखंडी पट्टीवरून बंदूक खाली ओढायची, रिकामी चकती उतरवायची, नवी चढवायची. हे सगळं झंझावाती वाऱ्यात, विमानाचा दांडा गुडघ्यांत धरून आणि कोणी मागे लागलंय का यावर एक डोळा ठेवून. त्या पट्टीचा एक फायदा मात्र होता. बंदूक खाली ओढून तिचं तोंड आभाळाकडे करता येई. शत्रूच्या पोटाखाली, त्याच्या नजरेआड जाऊन वर गोळ्या झाडता येत.

आता नेमाचं गणित. समोरचं विमान ताशी १८० किलोमीटर वेगाने आडवं चाललं आहे असं धरू, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. तुमची गोळी सेकंदाला साधारण ७४० मीटर जाते. अंतर १०० मीटर. गोळीला पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागला, तरी तेवढ्यात विमान सात मीटर पुढे सरकतं. त्या काळचं विमान लांबीला साधारण तेवढंच. म्हणजे नाकावर नेम धरून मारलेली गोळी शेपटीमागून निघून जाणार. जिथे विमान आहे तिथे मारायचंच नाही, जिथे ते येणार आहे तिथे मारायचं. विटीदांडू किंवा क्रिकेट खेळलेल्या पोराला हे हाताने कळतं, कागदावर नाही. फरक इतकाच की इथे झेल घेणाराही हवेत उडतो आहे. म्हणून अनुभवी वैमानिक दुरून गोळ्या फुकट घालवत नसत. आडवा नेम शक्यतो टाळून ते शेपटीमागे जात आणि अगदी जवळ गेल्याशिवाय चाप ओढत नसत.

हे शिकवणारा माणूस इंद्रलालला ४० क्रमांकाच्या तुकडीत भेटला. कॅप्टन जॉर्ज मॅकएलरॉय, आयर्लंडचा. इंद्रलाल त्याच्या फ्लाइटमध्ये, म्हणजे तुकडीतल्या गटात होता. मॅकएलरॉयच्या नावावर चाळिसाहून अधिक विजय आहेत. पण लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी. ऑगस्ट १९१७ मध्ये रुजू झाल्यावर त्याला पहिला विजय मिळाला तो डिसेंबरच्या अखेरीस. चार महिने त्याच्या हाती काही लागलं नव्हतं. एप्रिल १९१८ मध्ये उतरताना झाडाच्या शेंड्याला धडकून तो जखमी झाला आणि जूनमध्ये परतला. त्याचा गुरू म्हणजे मिक मॅनॉक, याच ४० क्रमांकाचा जुना वैमानिक. त्याची सुरुवातही इतकी संथ होती की हा भित्रा आहे की काय, अशी कुजबुज सोबत्यांत होती. तोच पुढे ब्रिटिश बाजूच्या सर्वश्रेष्ठ वैमानिकांत गणला गेला. त्याची शिकवण अशी: शत्रूवर जायचं ते वरून. बरोबरीच्या उंचीवरून क्वचित. खालून कधीच नाही.

गाण्यात घराणं असतं, तसं हे एक घराणंच म्हणायला हवं. बुद्धी, हात आणि धीर यांचं. मॅनॉक, मॅकएलरॉय आणि आता रॉय. तिघेही लगेच चमकले नाहीत. तिघांनीही आधी पराभव, अपघात किंवा रिकामी झोळी पाहिली. विमान वळवणं हे कसब आहेच, पण कधी वळायचं नाही हे कळायला वेळ लागतो. सोळा-सतरा हजार फुटांवर सूर्य पाठीशी घेऊन थांबायचं, खाली भक्ष्य दिसलं तरी त्याच्या वर आणखी कोणी दबा धरून आहे का ते पाहायचं, आणि मगच सूर मारायचा. नजर कमी म्हणून ज्याला नाकारलं होतं, त्याने हे पाहण्याचं काम शिकून घेतलं.

आता ते तेरा दिवस. ६ जुलैला ड्रोकूर गावावर इंद्रलालने पहिलं विमान पाडलं. ते होतं हॅनोवर, दोन आसनांचं जर्मन विमान. या हॅनोवरशी गाठ म्हणजे सोपं काम नव्हतं. त्याची शेपटी मुद्दाम दोन छोट्या पातळ्यांची केलेली होती, म्हणजे मागच्या बंदूकधाऱ्याला मारा करायला मोकळी जागा मिळे. शिवाय बांधा आटोपशीर असल्यामुळे दुरून ते एका माणसाचं साधं लढाऊ विमान वाटे. फसून मागून जाणाऱ्याला मशीनगनचं तोंड बघावं लागे.

८ जुलैला चार तासांच्या आत तीन विजय. दोन हॅनोवर आणि एक फोकर डी ७. हे फोकर म्हणजे त्या उन्हाळ्यातलं जर्मनीचं सर्वांत भरवशाचं अस्त्र. उंचावर गेलं तरी दम न सोडणारं, वळताना न बिचकणारं. त्याची जरब केवढी होती, हे युद्धबंदीच्या कलमांतच दिसतं. जर्मनीने कोणती शस्त्रास्त्रं हवाली करायची याच्या यादीत या विमानाचं नाव स्वतंत्रपणे घातलं होतं.

१३ जुलैला दोन, एक हॅनोवर आणि एक फाल्झ. १५ जुलैला दोन, दोन्ही फोकर डी ७. १८ जुलैला एक डी.एफ.डब्ल्यू. आणि १९ जुलैला कान्यिकूर गावावर पुन्हा एक हॅनोवर. बेरीज दहा. त्यांत सहा विमानं दोन आसनांची आणि चार लढाऊ. दोन आसनांची विमानं म्हणजे तोफखान्याचे डोळे. ती वरून पाहत आणि त्यांनी पाहिलं तिथे तोफगोळे पडत. ती पाडणं म्हणजे खंदकातल्या शेकडो शिपायांच्या डोक्यावरचा धोका कमी करणं. लोक फोकरशी झालेल्या झुंजींबद्दल विचारतात, पण खालच्या शिपायाला विचारलं असतं तर त्याने हॅनोवर आणि डी.एफ.डब्ल्यू.चाच हिशेब आधी मांडला असता.

‘दहा विजय’ म्हणजे दहा विमानं जमिनीवर आदळली, असंही नाही. ब्रिटिश हिशेबाची पद्धत अशी की पाडलेलं विमान नष्ट होताना दिसलं तर ‘नष्ट’, आणि ताबा सुटून गिरक्या घेत खाली जाताना दिसलं तर ‘ताबा सुटून खाली’. दोन्ही विजयच. इंद्रलालच्या खात्यावर पाच पहिल्या प्रकारचे आणि पाच दुसऱ्या प्रकारचे. दोन्हींतला एकेक विजय दुसऱ्या वैमानिकाबरोबर वाटून घेतलेला. जर्मन बाजूच्या प्रदेशावर लढाई झाली की खाली गेलेल्या विमानाचे अवशेष ब्रिटिशांच्या हाती लागत नसत, म्हणून ही पद्धत. ताबा सुटल्याचं नाटक करून निसटणारे वैमानिकही असत. म्हणून त्या काळच्या कोणत्याही आकड्याकडे वाण्याच्या हिशेबासारखं बघू नये. इंद्रलालच्या पदकपत्रात तर तेरा दिवसांत नऊ विमानं असं म्हटलं आहे. एक विजय इकडचा तिकडे झाल्याने त्याचं मोल कमी होत नाही. मुळात १७० तासांहून थोडीच अधिक उड्डाणं असलेल्या माणसाने हे केलं.

लढाया जर्मन बाजूवरच का होत? एक कारण ब्रिटिश धोरणाचं. सतत शत्रूच्या हद्दीत घुसत राहायचं, हा वरिष्ठांचा आग्रह. दुसरं कारण वाऱ्याचं. त्या प्रदेशात वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. झुंज सुरू झाली की विमानं गिरक्या घेता घेता वाऱ्याबरोबर पूर्वेकडे, म्हणजे जर्मनांच्या बाजूला ढकलली जात. लढून थकलेल्या, गोळ्या संपलेल्या, कदाचित इंजिनाला छिद्र पडलेल्या विमानाला परत यायचं ते समोरच्या वाऱ्याला तोंड देत. जर्मन वैमानिकाला मात्र खाली उतरलं की घर होतं.

२२ जुलै १९१८. लांसच्या उत्तरेला कार्व्हिन गावावर ४० क्रमांकाच्या विमानांची जर्मनीच्या २९ क्रमांकाच्या लढाऊ तुकडीतल्या फोकर डी ७ विमानांशी गाठ पडली. या झुंजीतून इंद्रलाल परतला नाही. त्याच्याजवळ हवाई छत्री नव्हती, कोणाही ब्रिटिश लढाऊ वैमानिकाजवळ नव्हती. जर्मनांनी त्या उन्हाळ्यात आपल्या वैमानिकांना ती द्यायला सुरुवात केली होती, आणि जूनच्या अखेरीस एर्न्स्ट उडेट या नामांकित जर्मन वैमानिकाचा जीव तिच्यामुळेच वाचला होता. जिथे तो पडला, त्याच भागात, एस्तेवेलला त्याला पुरलं.

चार दिवसांनी, २६ जुलैला, मिक मॅनॉक पडला. ३१ जुलैला मॅकएलरॉय. दहा दिवसांत गुरूचा गुरू, गुरू आणि शिष्य, तिघेही गेले. घराण्याचा तेवढा धागा एकाच महिन्यात तुटला. त्यानंतर आठ दिवसांनी ॲमियाँला दोस्तांचं मोठं आक्रमण सुरू झालं आणि युद्ध संपण्याच्या दिशेने निघालं.

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झालं. हे पदक त्याच वर्षीच्या जूनमध्ये नव्याने निर्माण झालं होतं. ज्या रॉयल एअर फोर्समध्ये तो शेवटी होता, तीही १ एप्रिल १९१८ रोजीच जन्मली होती. म्हणजे दल नवं, पदक नवं आणि ते मिळवणारा पहिला भारतीय एकोणीस वर्षांचा. पदकपत्रात त्याच्या कौशल्याची आणि धाडसाची स्तुती आहे. एकाच गस्तीत दोन विमानं पाडल्याचाही उल्लेख आहे.

हे लिहिताना मुंबईकराला एक नाव विसरता येत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलातून लढलेले चार भारतीय वैमानिक प्रसिद्ध आहेत. इंद्रलाल, हरदित सिंग मलिक, एरोल चंदर सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजमध्ये शिकलेले वेलिणकर २३ क्रमांकाच्या तुकडीत डॉल्फिन नावाचं विमान चालवत. जून १९१८ च्या अखेरीस, इंद्रलालच्या पहिल्या विजयाच्या काही दिवस आधी, ते पडले आणि फ्रान्सच्या मातीतच विसावले. सेन जर्मनांच्या कैदेत सापडले. मलिक गोळ्या लागूनही वाचले, पुढे कॅनडात भारताचे उच्चायुक्त आणि फ्रान्समध्ये राजदूत झाले. ज्या देशाच्या आकाशात ते ब्रिटिश सैन्याचे अधिकारी म्हणून लढले, तिथेच स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. चौघांतल्या दोघांना मात्र त्या देशातून परतायचं नव्हतं.

या चौघांच्या उड्डाणातून जे निघालं ते लगेच दिसलं नाही. भारतीय माणूस विमान चालवू शकत नाही, असं आता कोणाला म्हणता येणार नव्हतं. पण म्हणायचं थांबलं, म्हणून दार उघडलं असंही नाही. १९२० च्या दशकात स्कीन समितीने ते उघडण्याची शिफारस केली, १९३० मध्ये सहा भारतीय तरुण क्रॅनवेलला हवाई प्रशिक्षणासाठी गेले आणि ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची अधिकृत स्थापना झाली. पहिल्या तुकडीतल्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते, नात्याने इंद्रलालचे भाचे. १ एप्रिल १९५४ रोजी ते भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्या पत्नी शारदा मुखर्जी या माहेरच्या पंडित, मराठी घरातल्या. पुढे त्या आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. मामाचं विमान कापडाचं होतं. भाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्या दलाकडे जेट विमानं होती.

डाक खात्याने १९९८ मध्ये इंद्रलालच्या जन्मशताब्दीला तिकीट काढलं. ते योग्यच झालं. पण मला तिकिटापेक्षा ती पेन्सिलीची रेखाटनं जास्त आठवतात. १९१७-१८ चा हिवाळा, आजाऱ्याची खोली, खिडकीबाहेर बहुधा करडं आकाश. कोणी म्हणत नव्हतं की हा मुलगा पुन्हा उडेल. तो कागदावर एका विमानाच्या मागे दुसरं काढत होता आणि मधलं अंतर मोजत होता. हे काम कोणत्याही नोंदवहीत उड्डाणाचे तास म्हणून धरलं जात नाही. नोंदवहीत १७० तास आहेत. जुलैमध्ये ड्रोकूरवर हॅनोवरपर्यंत जो पोचला, त्याने ती वाट आधी अनेकदा काढून पाहिली होती.